ब्लॉक घरात होता, तरी 57,700 रुपये गेले

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. डिचोलीत अजून लोक 'सर' म्हणून हाक मारतात. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते.

हिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालेलं. रक्तातला कॅन्सर मार्कर, सीए 15-3, आधी 24 होता, तो 33 आला. लॅब वेगळी होती, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याच दिवशी एका पोराचा फोन: 'सर, बाईंचा मार्कर चढतोय.' आकडा त्याला दिला कुणी, हा प्रश्न मला चार महिन्यांनी पडला!

कॅन्सर परत येणार का, ते टक्क्यांत सांगणारी 'जीन टेस्ट', 38,500 रुपये. 5,000 आगाऊ, 33,500 रक्त घेताना. यूपीआय कुणा माणसाच्या नावावर. कंपनीचं खातं नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

चतुर्थी तोंडावर, टेबलावर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सुपाऱ्या पसरलेल्या. त्या बाजूला सारून मी कपाटातला ब्लॉक ठेवला. मेणाचा इवलासा ठोकळा, आत हिच्या गाठीचा तुकडा. कॅन्सर परत येण्याचा अंदाज देणाऱ्या ऑन्कोटाइप डीएक्स चाचणीत 21 जीन्स ह्याच तुकड्यात तपासतात, हे मी वाचलं होतं. तो पोरगा म्हणाला, 'ते जुनं झालं सर, आता सगळं रक्तात कळतं.' आणि मी, विज्ञानाचा मास्तर, ब्लॉक गुंडाळून परत कपाटात ठेवला. रक्तातून गाठीचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या खरोखरच आहेत, म्हणून पटलं. शिवाय बायको आजारी असताना उलटतपासणी कोण घेतो?

रिपोर्ट आला: 'परत येण्याची शक्यता 82 टक्के.' ही दोन दिवस नीट जेवली नाही. मग 'मार्कर उतरवणारी' पावडर, 9,600चा एक असे दोन डबे.

ऑन्कॉलॉजिस्टनी कपाळाला हात लावला. ती 21 जीन्सची चाचणी हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर2 (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह गाठींसाठी. हिची हर2 थ्री प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह, वर्षभर हर2वरचं औषध ट्रास्टुझुमॅब घेतलेली! सीए 15-3 यकृताच्या साध्या दुखण्यातही वाढतो, एका आकड्यावर काही ठरत नाही. पुढचा अंदाज बांधतात तो गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड आणि ईआर, पीआर (हॉर्मोन रिसेप्टर), हर2 बघून. ते सगळं हिच्या फाइलीत होतंच. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका.

पोलिसांत गेलो. 'रक्त घेतलं ना? रिपोर्ट दिला ना? मग फसवणूक कसली?' आरोग्य खात्याची कचेरी म्हणते, लॅब गोव्याबाहेरची. बाहेरचे म्हणतात, नमुना गोव्यात घेतला, तिथेच जा. प्रत्येक टेबलावर नव्याने झेरॉक्स, नव्याने आधार कार्ड. एका साहेबांनी तर हिची फाइल चाळता चाळता विचारलं, 'शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं झालं?' तोंड उघडलं नाही, कारण सही त्यांचीच हवी होती. पैसे गेले की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. मी चार महिन्यांनी लावला.

सोमवारी परत बोलावलंय. पावडरीचे डबेही आणा म्हणाले. एक मी रागाने उकिरड्यावर फेकला, आता त्याचं काय सांगू?