घरच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड: 14 महिन्यांनंतर

जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्स) टाकून डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, नेक्स्टक्लाउड हे गूगल ड्राइव्हसारखं पण स्वतःच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर चालवतोय, त्याला 14 महिने झाले. 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी, बॅकअपला 2 टीबीची बाहेरची डिस्क. घरातल्या चौघांचे फोटो फोनमधून आपोआप इथे येतात, बाबांच्या जुन्या अल्बमचे स्कॅनही इथेच आहेत. रोजच्या वापरात काहीच त्रास नाही. त्रास झाला तो अपडेट आणि बॅकअपचा, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

पहिला फटका तिसऱ्या महिन्यात. डॉकरने काय काय चालवायचं ते सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसपुढे मी ‘लेटेस्ट’ (सर्वांत नवी आवृत्ती) लिहून ठेवलं होतं. एका रात्री सगळ्या इमेज (प्रोग्रामच्या तयार प्रती) नव्याने घेतल्या आणि डेटाबेसचा कंटेनर सुरू होऊन लगेच पडायला लागला. लॉगमध्ये सरळ लिहिलं होतं की डेटा डिरेक्टरी 16 व्या आवृत्तीची आहे, ती 17 ला चालणार नाही. पोटात गोळाच आला. पण अशा वेळी नवी आवृत्ती जुन्या डेटाला हातच लावत नाही. फाइलमध्ये ‘लेटेस्ट’च्या जागी 16 लिहिलं, डेटाबेस उठला. मग पूर्ण डंप काढला (डेटाबेसमधली सगळी माहिती एका फाइलमध्ये), 17 ला रिकामी डिरेक्टरी दिली आणि डंप तिच्यात भरला. तेव्हापासून आवृत्ती आकड्यानेच लिहितो. नेक्स्टक्लाउडचीही मोठी आवृत्ती एकेक करूनच चढायची. 28 वरून थेट 30 वर तो जाऊ देत नाही, आणि ते बरंच आहे.

दुसरा प्रकार जास्त वाईट होता. संध्याकाळी लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरीही संपली. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं, पण बाहेरची डिस्क उशिरा जागी झाली आणि माउंट झालीच नाही, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरला जोडली गेली नाही. एफएसटॅब या डिस्कच्या यादीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी थांबू नको) असल्यामुळे सर्व्हर तिच्याशिवायच वर आला. रात्री दोनला बॅकअपची कॉपी करणाऱ्या आरसिंकने 110 जीबी फोटो त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवरच ओतले. सकाळी अपलोड बंद. मी रीबूट केलं, डिस्क माउंट झाली आणि घोळ तिच्याखाली झाकला गेला. डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं 100 टक्के भरलंय, फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज निम्म्यावरच थांबते! दोन तास शोधलं. शेवटी डिस्क अनमाउंट केली तर खाली सगळी प्रत पडलेली.

आता स्क्रिप्टची पहिलीच ओळ डिस्क माउंट आहे का ते बघते, नसेल तर तिथेच थांबते. शिवाय डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर प्लस आय’ (बदलाला बंदी) लावलं, त्यामुळे रूटलाही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही, तिथे लिहिता येत नाही. हे दोन्ही आजच करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आरसिंक सोडून मी रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामवर आलो. आधी मेंटेनन्स मोड (नेक्स्टक्लाउडचा वापर तात्पुरता बंद), मग डेटाबेसचा डंप, मग डंप, कॉन्फिग (सेटिंग) आणि डेटा यांचा एकत्र स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करून चालत नाही, त्या अर्धवट अवस्थेतल्या निघू शकतात. 7 रोजचे, 4 आठवड्याचे, 6 महिन्याचे स्नॅपशॉट ठेवतो. दुसरी डिस्क नाशिकला बहिणीकडे असते, प्रत्येक फेरीत बदलतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मशीनवर सगळं रिस्टोअर करून लॉगिन करतो आणि बाबांच्या अल्बममधले चार-पाच फोटो उघडून बघतो. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कुणालाच उघडता येत नाही. तो कागदावर लिहून विम्याच्या फायलीत ठेवलाय, आणि गेल्या रविवारचं रिस्टोअर बायकोने तो कागद समोर ठेवून, मला एकही प्रश्न न विचारता केलं.