टेबलाखालचे पेडल-यंत्र: चार महिन्यांच्या वापरानंतर
उभे किंवा बसलेले असताना पायांतील रक्त हृदयाकडे चढवण्यास मुख्यतः पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. ते आवळले की शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधील झडपा रक्ताला पुन्हा खाली उतरू देत नाहीत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला या यंत्राचा उपयोग झाला, कारण संध्याकाळी घोट्यांवर उमटणारे मोज्यांचे वळ आता क्वचितच दिसतात. मात्र गुळगुळीत फरशीवर ते पुढे सरकते, म्हणून खाली जुनी सतरंजी घालावी लागली. त्यावरचा कॅलरींचा आकडा तर मी मनावरच घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम या निवांत पेडलिंगने होत नाही, त्यामुळे सकाळचे भरभर चालणे मी सोडलेले नाही.