गोटू माउंट: वांगणीतला महिनाभराचा अनुभव
गोटू माउंट म्हणजे तारा निवडला की दुर्बीण आपोआप त्याच्याकडे वळवणारा मोटरचा स्टँड. पहिल्याच रात्री वैताग आला. 3 फेब्रुवारी म्हणून 03-02 भरलं. हँडसेट (माउंटचा हातातला रिमोट) आधी महिना मागतो, त्याने 2 मार्च धरला. व्याध ताऱ्याकडे पाठवलेली दुर्बीण सुमारे 27 अंश पश्चिमेला जाऊन थांबली! टाइम झोन साडेपाच आणि डेलाइट सेव्हिंग बंद, हेही बघून घ्या. पेन्सिल सेलच्या नादी लागू नका, उतरले की मोटर आचके देते. मी 12 व्होल्टची बॅटरी लावली. जुळवणी करताना, म्हणजे ओळखीच्या ताऱ्यांवरून माउंटला आकाश समजावताना, तारा मध्यावर आणायचा असतो; तेव्हा शेवटचा दाब वरच्या आणि उजव्या बाणाचाच द्या, गिअरमधली ढिलाई निघते. किमतीला माउंट सोनं आहे. परवा व्याध आणि ब्रह्महृदय या ताऱ्यांवर जुळवणी केली आणि मृगातला तेजोमेघ थेट मधोमध आला. आईने डोळा लावला तो काढेचना.