कॅलेस फ्रॅक्टालर २ प्लस: वीजबिल समोर ठेवून लिहिलेला अनुभव

कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, उडाला आणि वॉरंटीत बदलून मिळेल म्हणून मशीन जेल रोडच्या दुकानात नेलं. तिथल्या पोराने कॅबिनेट उघडलं, पंख्यावरची धूळ बोटाने पुसून मलाच दाखवली आणि म्हणाला, "भिया, क्रिप्टो माइनिंग करते हो क्या? फिर वारंटी नहीं मिलेगी." मी मोबाइलवर माझी चित्रं दाखवली, कॅलेस फ्रॅक्टालर २ प्लस या प्रोग्रामने काढलेली मँडलब्रॉट संचाची, कितीही आत झूम केलं तरी नवी नक्षी निघणारी. "ये तो डिजाइन है," तो म्हणाला, "इसमें सीपीयू का क्या काम?" बराच वेळ हुज्जत घातली, मालकाशीही बोललो, शेवटी नवा एसएमपीएस निम्म्या किमतीत पदरात पाडून घेतला. पण त्या पोराचा प्रश्न चांगला होता. सीपीयू रात्रभर करतो काय, आणि त्याचे पैसे वसूल होतात का, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतंच.

झेडचा वर्ग करा, सी (म्हणजे चित्रातला तो बिंदू) मिळवा, पुन्हा वर्ग करा, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही. खर्च कुठे होतो ते सांगतो. संचाच्या बाहेरचा बिंदू दोन त्रिज्येच्या वर्तुळातून लवकर निसटला तर काम स्वस्तात उरकतं. काठाशी मात्र तो निसटता निसटत नाही. उजवीकडची खाच घ्या, सी बरोबर ०.२५ ची, एलिफंट व्हॅली म्हणतात त्या भागाचं टोक. ०.२५०००१ ला निसटायला सुमारे ३,१४० फेऱ्या लागतात. अजून शंभरपट जवळ सरका, फेऱ्या दहापट होतात: ३१,४१५ च्या आसपास. हो, हे π चेच (पाय, ३.१४१५...) अंक आहेत. डेव्ह बोल यांना १९९१ मध्ये हे असंच आकडेमोड करताना दिसलं. बघायला मौज वाटते, पण मीटरच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की खाचेजवळ जाणं महाग आहे.

आमच्याकडे मीटरला फार महत्त्व आहे. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत. १५१ वर गेलात की सवलत गेली, सगळीच युनिटं पूर्ण दराने. कूलर धरून आमचं घर १२०-१२५ मध्ये बसतं. माझं मशीन पूर्ण जोरात असताना १८० वॅट खातं, म्हणजे दहा तासांच्या रेंडरला १.८ युनिट. रोज रात्री लावलं तर महिन्याला ५४. हिशेब तुम्हीच करा. आईने एकदा बिल हातात धरून विचारलं, "तुझ्या त्या गोगलगाई कितीला पडतात रे?" तेव्हापासून मी कुठल्याही सॉफ्टवेअरकडे आधी युनिटाच्या नजरेने बघतो.

त्या नजरेने पहिल्या महिन्यात या प्रोग्रामबद्दल माझं मत वाईट होतं. दिसायला जुन्या विंडोजसारखं, एका डायलॉगमधून दुसरा डायलॉग, आणि कुठल्या चौकटीत टिक केल्यावर काय होणार ते समजायला लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. जागा शोधायला तर अजूनही मी एक्सेऑस हा दुसरा फ्रॅक्टल प्रोग्रामच वापरतो. माऊस दाबून धरला की सरळ आत सरकत जातं, असं फिरणं इथे नाही. अल्ट्रा फ्रॅक्टलमध्ये लेअर सुंदर आहेत, पण ते विकत घ्यावं लागतं, आणि हे फुकट, सोर्स कोडसकट. मँडलबल्बर त्रिमितीचं, तो विषयच वेगळा. इथवर मी तीन तारे दिले असते.

मत बदललं ते केएफबी फाइलमुळे. आता पुढचा बराचसा मजकूर त्याच एका गोष्टीवर आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

चित्र तयार झालं की प्रोग्राम रंग असलेली पीएनजी देतो, ते सगळेच देतात. पण सेव्ह करताना केएफबी निवडलं तर तो प्रत्येक पिक्सेलला किती फेऱ्या लागल्या ते आकडेच लिहून ठेवतो. पिक्सेलांचे तयार रंग त्यात नसतात. उद्या फाइल उघडा, पॅलेट बदला, डिव्हिजन (किती फेऱ्यांनी रंग पालटायचा ते) बदला, उतार देऊन कोरल्यासारखं करा, एकही फेरी पुन्हा मोजावी लागत नाही. चित्र काही सेकंदांत नवं. साडीचा माग एकदाच चालवायचा आणि रंग हवे तेव्हा हवे तेवढे बदलायचे, अशी सोय महेश्वरच्या कुठल्या विणकराला मिळाली असेल? फाइल काही शे एमबीची होते हे खरं, पण हार्ड डिस्कला गृहज्योती लागत नाही.

याची खरी परीक्षा गणपतीत झाली. आमच्या कॉलनीच्या मंडळाला मूर्तीमागे पडदा हवा होता, १२ बाय ८ फुटांचा फ्लेक्स. एलिफंट व्हॅलीत सोंडांच्या रांगाच्या रांगा असतात, मूर्तीमागे त्याहून शोभेसं काय असणार? लांबून बघायच्या फ्लेक्सला ५० डीपीआय (इंचाला ५० ठिपके) पुरतं, म्हणजे ७२०० गुणिले ४८०० पिक्सेल, सुमारे साडेतीन कोटी. मॉनिटरच्या जवळपास सतरापट. वरवरची सोंड मला नको होती, तिच्या आतली, त्याच्या आतली, बरीच खोल. तिथे दशांशानंतर पन्नास-साठ अंक लागतात. डबल या कॉम्प्युटरच्या साध्या आकड्यात पंधरा-सोळाच मावतात, पुढे चित्राचे ठोकळे होतात.

इथे या प्रोग्रामची पर्टर्बेशनची युक्ती उपयोगी पडते. पूर्वी खोल गेलं की प्रत्येक पिक्सेल लांबलचक अंकांनी मोजायचा. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी दाखवलं की एकच बिंदू पूर्ण अचूकतेने मोजायचा आणि बाकीच्यांचा त्याच्यापासूनचा फरक साध्या डबलने. कार्ल रुन्मो यांनी त्यावर हा प्रोग्राम उभा केला, पुढे क्लॉड हायलंड-ॲलन यांनी वाढवला. फरक कुठे हाताबाहेर गेला की चित्रात एकाच रंगाचा सपाट डाग पडतो. तो डाग ओळखून प्रोग्राम स्वतःच नवा संदर्भबिंदू घेतो. बहुतेक वेळा. एकदा एका सोंडेच्या टोकाला वाटाण्याएवढा डाग राहून गेला होता, तो मी नवा संदर्भबिंदू हाताने देऊन काढला.

तर पडदा रात्रीत तयार झाला आणि सकाळी मी मंडळाच्या काकांना दाखवला. काका चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. "छान आहे. पण हे काळं काय?"

"काका, तोच तर मूळ संच. बाकी सगळा त्याचा काठ."

"असेल. गणपतीमागे काळं नाही लावायचं."

दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पीएनजीच काढून ठेवली असती तर मी फोटोशॉपमध्ये सोंडेसोंडेतून कडा पुसत बसलो असतो, नाहीतर अजून एक रात्र आणि अजून १.८ युनिट. इथे केएफबी उघडली, आतला रंग काळ्याचा कुंकवाचा केला. काकांना फार लाल वाटलं, मग शेंदरी. मग मागचं निळं खटकलं, तेही केशराकडे नेलं. काका चहा संपवेपर्यंत त्यांच्यासमोर पाच-सहा पडदे होऊन गेले आणि मीटर तिथल्या तिथे. निळं काढलं ते बरंच झालं म्हणा, कारण फ्लेक्सवाल्याच्या सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) स्क्रीनवरचा झगझगीत निळा मेलेला येतो, हे मला आधीच्या एका प्रिंटवरून माहीत होतं.

झूमचा व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा प्रोग्राम सर्वांत खोल चौकटीपासून सुरुवात करून बाहेर येतो, दर पायरीला झूम निम्मं करत, आणि मधल्या चौकटी नंतर वेगळा मूव्हीमेकर जुळवतो. म्हणजे सेकंदाला साठ चित्रं मोजायची गरज नाही. जूनच्या वादळात लाइट गेली तरी डिस्कवर उतरलेल्या चौकटी शाबूत राहतात, तिथून पुढे चालू करता येतं. एकट्या मोठ्या चित्राला हे सुख नाही, अर्ध्यात लाइट गेली की मोजलेलं गेलं. इन्व्हर्टर नसेल तर मोठं चित्र मान्सूनपूर्व दिवसांत लावूच नका. आणि थ्रेड (सीपीयूवर एकाच वेळी चालणारी कामं) थोडे कमी करून ठेवा. वेळ वाढतो, पण पंखा रात्रभर किंचाळत नाही आणि दुकानदाराला माइनिंगचा संशय येत नाही.

आता चार तारे. पाचवा त्या डायलॉगांनी खाल्ला.

याच हायलंड-ॲलन यांचं नवं फ्रॅक्टालर ३ आहे, ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि वेगाने चालतं असं मित्र रोज सांगतो. माझ्याकडे कार्ड नाही. स्वस्तातलं सेकंडहँड त्याच जेल रोडच्या दुकानात लावलेलं आहे, तो पोरगा दर वेळी दाखवतो. मी अजून फक्त डब्यावरचे वॅट वाचून परत येतो.