कॅसेट गोल्डची, आत फिल्म भलतीच

‘कोडॅक गोल्ड २००, ताजा माल, फक्त खोकी नाहीत’ असं लिहिलेलं वाचून मी एकदम दहा रोल मागवले. रोज कॅमेरा बरोबर बाळगणाऱ्याला गोल्ड सोयीचीच. चेहऱ्यांना ऊबदार रंग देते, प्रकाश थोडा जास्त पडला तरी सांभाळून घेते. आलेल्या कॅसेट अस्सल होत्या. छपाई, कॅमेऱ्याने वेग ओळखायचे चंदेरी-काळे चौकोन, सगळं जागच्या जागी. म्हणून मी निश्चिंत झालो, आणि तिथेच फसलो.

आजीबरोबर काढलेल्या आठवड्यात तीन रोल संपले. पहिला ३३ फोटोंनंतरच अडला, तरी मी मनावर घेतलं नाही. ते धुवायला दिल्यावर लॅबमधून फोन आला, “अहो, हे रोल कुठून घेतलेत?” पहिला रोल मशीनमधून काजळीचे डाग घेऊन बाहेर आला होता. निगेटिव्हच्या कडेला गोल्डचं नाव नव्हतं, ५२१९ हा आकडा होता. म्हणजे व्हिजन३ ५००टी, सिनेमाच्या शूटिंगची फिल्म. माझ्याकडच्यासारख्या जुन्या मालात तिच्या पाठीवर रेमजेट हा कार्बनचा काळा थर असतो; २०२५ पासून कोडॅक तो थर नसलेली आवृत्ती आणू लागली. सिने फिल्म धुण्याच्या ईसीएन-२ प्रक्रियेत तो आधी काढून टाकतात. साध्या रंगीत फिल्म धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ प्रक्रियेत तो सुटून रसायनात मिसळतो. त्याच खेपेत आणखी कुणाचा तरी रोल होता, त्यावरही ती काजळी बसली. त्या अनोळखी माणसाचे फोटो माझ्या रोलमुळे बिघडले, हे मला अजून सलतं.

आजीचा चेहरा तर निळा पडलाय. ५००टी ही ३२०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्यांसाठी बनवलेली. योग्य फिल्टर न लावता उन्हात वापरली की निळी झाक येतेच. स्कॅनमध्ये रंग बराच सुधारला, पण डाग गेले नाहीत.

ही चलाखी लॅबवाल्यांनी मला दाखवली. धुताना फिल्म कापली की रिकाम्या कॅसेटबाहेर थोडं टोक उरतं. त्या टोकाला चिकटपट्टीने दुसरी फिल्म जोडून आत गुंडाळतात. त्यामुळे कॅसेट खरी असणं हा कसलाच पुरावा नाही. बाहेर आलेलं टोक उलटून बघा. पाठ चकचकीत नसून काजळासारखी मंद काळी असेल, तर तो रोल सी-४१ ला देऊ नका. कडेची भोकंही पाहा. साध्या फिल्मची भोकं गोलसर कोपऱ्यांची आयताकृती असतात, सिने निगेटिव्हच्या भोकांच्या दोन बाजू बाहेर फुगलेल्या असतात. आता मी सीलबंद खोकं आणि त्यावरची मुदत पाहिल्याशिवाय रोल घेत नाही.

विकणाऱ्याचं उत्तर आलं, “फिल्म उत्तमच आहे.” फिल्म उत्तम आहे, हे खरंच. तिच्या खऱ्या नावाने ती विकणारेही आहेत, आणि ते ती कुठे धुवायची तेही सांगतात. याने नाव लपवलं. पैसे परत मागितल्यावर मात्र त्याने उत्तरच दिलं नाही.

अजून न धुतलेल्या नऊ कॅसेटांवर मी जाड पेनाने लिहून ठेवलंय: सिने फिल्म, सी-४१ मध्ये टाकू नका.