कॉफीच्या दुकानात टर्नटेबल: दिवाळी ते आषाढ वापरून झाल्यावर

कॉफीच्या दुकानात टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, ठेवावं का, असं अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर: ठेवा, पण गिऱ्हाईक वाढेल या आशेनं नको, आणि कॉफी मशीनच्या काउंटरवर तर मुळीच नको. कोल्हापुरात माझं छोटं दुकान आहे. पुढे मोजकी टेबलं, मागच्या खोलीत एका वेळी किलोभर बिया भाजणारा ड्रम रोस्टर. दिवाळीत टर्नटेबल आणलं, आता आषाढ लागलाय.

यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच थेट तबकडी फिरवते, आणि एस आकाराच्या टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घाटाची यंत्रं बरेच जण बनवतात आणि सगळ्यांचं मूळ 1972 च्या टेक्निक्स एसएल-1200 मध्ये आहे. घरी निवांत ऐकायला मी पट्ट्यानं फिरणारं बेल्ट ड्राइव्हच घेतलं असतं. दुकानात मात्र हेच बरं. बटण दाबलं की क्षणात वेग पकडतं, दाबलं की थांबतं, बेल्ट सैल पडायची भानगड नाही, शिवाय 33, 45 आणि 78 असे तिन्ही वेग. उणीव एकच, बाजू संपल्यावर आर्म आपोआप उचलला जात नाही. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची. संध्याकाळी सहाच्या गर्दीत माझे दोन्ही हात दुधात, आणि सुई शेवटच्या खाचेत खरखरत फिरतेय. "ताई, तबकडी बदला की, कवाधरनं खरखरतंय!" हे वाक्य आता आमच्याकडच्या मेन्यूवर छापायला हरकत नाही. शेवटाला आर्म उचलून धरणारं एक छोटं उपकरण वेगळं मिळतं. ते यंत्राबरोबरच घ्या.

आता थरथरीबद्दल, कारण खरा खर्च आणि खरं डोकं तिथेच लागतं. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या डबीतून, येणारा सिग्नल चारेक मिलिव्होल्टचा, तो फोनो प्री-अँपमध्ये शंभरेक पटीनं वाढवायचा. म्हणजे सुईला जे जे जाणवतं, ते सगळं स्पीकरमधून बाहेर येणार. आणि कॉफीच्या काउंटरवर काय काय चालतं? पंप घुरघुरतो, ग्राइंडर फिरतो, हँडल ठोकून चोथा पाडला की अख्खा ओटा हादरतो. त्या प्रत्येक ठोक्याला स्पीकर 'धप्प' म्हणतो, जोराचा असेल तर सुई उडी मारते. रबराचे पाय, स्पंजचे तुकडे, जाड लाकडी पाट, हे सगळे उपाय अर्धेमुर्धे आहेत. पूर्ण उपाय म्हणजे काउंटरपासून लांब, नऊ इंची विटांच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून केलेलं शेल्फ. जमीन हलली तरी भिंत हलत नाही. स्पीकर त्या भिंतीवर लावू नका. त्यांचा खर्ज भिंतीतून पुन्हा सुईपर्यंत पोचतो आणि घुमत राहतो.

विजेचंही तसंच. ग्राइंडर आणि ऑडिओ एकाच बोर्डावर असले की मोटर चालू-बंद होताना 'टक' ऐकू येतं. ऑडिओसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढली आणि टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर फोनो प्रीच्या स्क्रूला घट्ट बसवली, की गुणगुण जाते. वायरमनला हे दोन तासांचं काम आहे.

सुईचं गणित दुकानात पार बदलतं, आणि ते विकणारे आपणहून सांगत नाहीत. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई कार्ट्रिजची लंबगोल सुई कंपनी साधारण 300 तासांची सांगते. घरी शनिवार-रविवार ऐकणाऱ्याला ती काही वर्षं पुरते. दुकानात रोज तीन तास लावली तर शंभर दिवसांत आयुष्य संपलं. त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनियर नावाची जास्त बारीक घडणीची सुई बसते, तिचं आयुष्य 1000 तास. किंमत बरीच जास्त, पण तासाचा भाव काढला तर महाग पडत नाही. जुनी सुई ओढून काढायची, नवी सरकवायची, बस्स. झिजलेली सुई रेकॉर्डच खाते, त्यामुळे इथे काटकसर नको.

रोस्टर चालू असताना मात्र संगीत बंद. हा नियम मी स्वतःलाच घालून घेतलाय. बिया साधारण 195-200 अंश सेल्सिअसच्या आसपास तडतडायला लागतात, आणि त्या पहिल्या तडतडीपासून पुढची सेकंदं मोजायची असतात. चिकमगळूरची अरेबिका त्यातल्या त्यात हळू बोलते. मागे कुमार गंधर्वांचा निर्गुणी सूर लागलेला असला तर कान कुठे लावायचा? भाजताना उडणारं पातळ फोलपटही वैरी आहे. रेकॉर्डच्या विनाइलवर स्थिर वीज जमते आणि फोलपट तिला बरोबर चिकटतं. त्यामुळे मागचं दार बंद, यंत्राचं झाकण खाली, आणि प्रत्येक बाजूआधी कार्बन ब्रश.

पावसाळ्याबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. बियांना बंद पिशवी मानवते, रेकॉर्ड्सना ती मानवत नाही. कागदी आवरणं दमट होतात, बुरशीचे ठिपके येतात. रेकॉर्ड्स उभ्या, सैल, भिंतीपासून बोटभर पुढे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि त्या तव्यावर गरम करून पुन्हा वापरते.

एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट. विकत घेतलेली रेकॉर्ड दुकानात वाजवणं म्हणजे कायद्यानं सार्वजनिक वादन, त्याला परवाना लागतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, पण शब्द आणि चालीचा हक्क वेगळा चालतो. म्हणून 'जुनी आहे, चालतंय' असं धरून बसू नका. परवान्याची रक्कम भाड्याच्या वहीतच मांडा.

धंद्यावर परिणाम? कपांच्या विक्रीत मला फरक दिसला नाही. जपानात असे कॅफे चालले, कारण परदेशी तबकड्या लोकांना परवडत नव्हत्या. योकोहामाचं चिगुसा हे त्यातलंच एक, 1933 चं. आमच्या गिऱ्हाइकाच्या खिशात सगळं संगीत फुकट आहे. फरक पडला तो दुपारच्या अडीच ते पाचमध्ये. त्या वेळात येणारे चार-दोन काका एका कॉफीवर अख्खी बाजू ऐकतात, कधी दुसरी कॉफीही मागवतात. गल्ल्याला ते परवडतं असं म्हणणार नाही, मला परवडतं.

त्यातल्याच एका काकांनी त्यांच्या वडिलांच्या 78 च्या लाखेच्या तबकड्या आणून दिल्यात. त्यांना एलपीची सुई चालत नाही, खाच रुंद असते. व्हीएम95 मध्येच 78 साठी जाड सुई मिळते, आर्मवरचा भार मात्र वाढवावा लागतो. आणि त्या पुसताना अल्कोहोलचा थेंबही नको, लाख विरघळते. सध्या त्या तबकड्या वरच्या फळीवर आहेत. सुई गणपतीची गर्दी ओसरली की मागवणार.