स्कोअरिंग बोर्ड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, भेटकार्डं करणाऱ्यांसाठी

स्कोअरिंग बोर्ड म्हणजे समान अंतरावर चर असलेली पाटी; कागद त्यावर ठेवून चरातून बोथट काडी दाबून ओढली की घडीची सरळ खूण पडते. जानेवारीत हा बोर्ड घेतला. त्याआधी दोन वर्षं मी स्टीलची पट्टी आणि संपलेलं बॉलपेन घेऊन भेटकार्डांच्या घड्या घालत होते. कागदी फुलं, अक्षरं सगळं मनासारखं जमायचं, पण घडी जराशी तिरकी गेली की उभं केलेलं कार्ड एका अंगाला कलायचं. तासभर खपल्यावर ते बघवत नसे. हे दुखणं बोर्डाने पहिल्या दिवशी संपवलं. कागद काठाला टेकवायचा, चरातून काडी ओढायची, झालं. एकच सांगते: चर पडतो त्याच्या मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. मी सुरुवातीला उलटी घडी घालत होते.

पहिली अडचण मापाची. चर इंचाच्या आठव्या भागावर आहेत आणि बोर्ड अमेरिकेतल्या साडेआठ बाय अकरा इंची कागदासाठी बेतलेला आहे. आपल्याकडे मिळतो ए-फोर, 210 बाय 297 मिलिमीटर. त्याचा मध्य 148.5 मिलिमीटरवर येतो आणि तिथे चरच नाही. सर्वांत जवळचा चर धरला तर एक पान दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर मोठं होतं. म्हणून मी मोठ्या कार्डासाठी कागद आधी 11 इंचांवर कापते आणि साडेपाचवर घडी घालते. उरलेल्या पट्ट्या कडेच्या नक्षीला लागतात.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. वरच्या मजल्यावरच्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आलेल्यांना द्यायला, आत काकांचा फोटो असलेली 40 आभारकार्डं काकूंनी सांगितली. मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) गडद मरून कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद आणला, 45 ए-फोर कागद. लोकलच्या गर्दीत कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन पुठ्ठ्यांत बांधून भांडुपपर्यंत छातीशी धरून आणला. मोठी कार्डं करायला घेतली आणि पहिल्याच घडीवर रंग तडकला. मरूनच्या आत कागद पांढरा, त्यामुळे घडीभर पांढरी रेघ. वाटलं, काडी जोरात दाबली. हलक्या हाताने केलं, दोनदा ओढून बघितलं. नऊ कागद गेले.

काकू म्हणाल्या, "अगं, छान आहे की, एवढं कोण बघतंय?" पण मला ती रेघच दिसत होती.

स्टेशनजवळच्या बाइंडिंगवाल्या काकांकडे एक कागद नेला. त्यांनी तो आधी लांबीत वाकवला, मग रुंदीत, आणि म्हणाले, "ताई, ग्रेन उभा आहे, तुम्ही आडवी घडी मारताय." कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात. घडी त्या दिशेने घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. वाकवताना ज्या दिशेला समांतर बाक सहज येतो, ती ग्रेनची दिशा. त्याच कागदाचे मधोमध दोन तुकडे केले आणि प्रत्येकाची घडी घातली, तर छोट्या कार्डाची घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने येते! 20 कागदांत 40 कार्डं झाली, एकही तडकलं नाही. त्याचं मापही सोयीचं, 105 मिलिमीटरवरची घडी सव्वाचार इंचांच्या आधीच्या चरावर जवळपास नेमकी बसते. फोटो लहान करून पुन्हा छापून घ्यावे लागले, त्याचे पैसे मी काकूंकडून घेतले नाहीत. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकांनी एक कार्ड हातात घेऊन घडीवरून अंगठा फिरवला, ते मी विसरणार नाही.

जूननंतर वेगळाच त्रास. मुंबईच्या दमट हवेत कागद पाणी शोषतो आणि ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. त्यावर फेव्हिकॉलने दुसरा कागद चिकटवला की ओल आणखी वाढते, सकाळी कार्ड पापडासारखं वळलेलं असतं. जुलैपासून मी थरांना फक्त डबल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी) वापरते. ती लागली की हलवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने कोपरे आखते. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बोर्डाला मात्र पावसाने काहीच झालं नाही.

बोर्डासोबत सेटमध्ये आलेल्या कटरबद्दल मात्र नाराज आहे. चौथ्या महिन्यात पातं सैल झालं, 30 सेंटीमीटरच्या कापात शेवटी दोन मिलिमीटरचा फरक. दोन मेल केले, बदलून मिळालं नाही. आता कटिंग मॅटवर पट्टी आणि साधा कटर वापरते. शक्य असेल तर बोर्ड सुटाच घ्या.

पोस्टाने पाठवणाऱ्यांनी वजन बघा. 300 जीएसएमच्या अर्ध्या ए-फोरचं वजन साधारण साडेनऊ ग्रॅम. त्यावर दोन थर, फुलं आणि पाकीट धरलं की 20 ग्रॅमचा टप्पा ओलांडतो आणि तिकीट जास्त लागतं. मी आता फुलं एकाच थराची करते, शिवाय ती पाकिटात चेपतही नाहीत.

दिवाळीच्या कार्डांसाठी फिकट पिवळा कागद आणलाय. दुकानातच एक कागद दोन्ही बाजूंनी वाकवून बघितला, मग घेतला.